धर्मराज सर आणि उलटी वळणारी रेघ

आष्टीच्या शाळेत धर्मराज सरांना विज्ञानाचे सर असं कुणी म्हणत नसे. 'प्रदर्शनवाले सर' म्हणायचे, आणि सरांना तेच आवडायचं. तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन म्हणजे त्यांचा सण. दिवाळीची सुट्टी संपली की घरात थर्माकोल यायचा, फेव्हिकॉलचे डबे यायचे, आणि बायको ज्योत्स्ना सगळी चादरी-पांघरुणं माळ्यावर टाकायची, कारण रंगाचा ब्रश कुठे पुसला जाईल याचा नेम नसायचा. ज्वालामुखी झाला, ठिबक सिंचन झालं, टेबलफॅनच्या पात्यांची पवनचक्की झाली. खरं बोलायचं तर त्यात विज्ञान बेताचंच असायचं. पण दिवे लागायचे, पाणी वाहायचं, धूर निघायचा. बघणारा माणूस क्षणभर थांबायचा. मुख्याध्यापकांच्या कपाटातल्या बहुतेक ढाली सरांनीच आणलेल्या.

आणि त्या ढालींमागे एक पोरगी उभी असायची. आकांक्षा, सरांची एकुलती एक लेक. पाचवीपासून दरवर्षी बापाच्या टेबलावर समजावून सांगायला तीच. बोलणं असं की ऐकणाऱ्यानं पाय हलवू नये.

आता मास्तरांच्या घरात एक नियम असतो. शाळेच्या फाटकातून आत आलं की तिथं बाप न्हाई, सर. धर्मराज सरांनी तो नियम पहिल्याच दिवशी घालून दिला होता आणि आकांक्षा तो इमानानं पाळायची. वर्गात सर, मैदानात सर, पाणी पिताना भेटले तरी सर. फक्त प्रदर्शनात, भरात येऊन बोलताना, तिची जीभ घसरायची. "इथून पाणी वर चढतंय, आता बटण दाबा, पप्पा." परीक्षक हसायचे. म्हणायचे, "अरे, सर तुझे वडील का?" सर डोळे वटारायचे, खोटे खोटे. कुणाला सांगितलं नसेल त्यांनी, पण वर्षभर ते त्या एका घसरण्याची वाट बघायचे. ढाल-बिल त्यानंतर.

तर असं सगळं सुखात चाललेलं असताना जूनमध्ये अंबरीन मॅडम आल्या.

मॅडम जालन्याच्या. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेल्या. भाऊ अकिब आष्टीच्या आसपास गावोगाव फिरून गायी-म्हशींचं कृत्रिम रेतन करायचा, म्हणून बहीण-भावानं इथंच खोली घेतली. मॅडम सरळ, बोलायला मऊ, आणि एक वाईट खोड अंगात. वर्गात कुणी काही विचारलं आणि येत नसलं की सरळ म्हणायच्या, "मला माहीत न्हाई. बघून सांगते." सरांनी हे ऐकलं तेव्हा त्यांना हसूच आलं. मास्तरानं वर्गात असं म्हणायचं असतं का? मग पोरं डोक्यावर मिऱ्या वाटायला किती वेळ लावतात? पण पोरं मॅडमच्या मागे मागे फिरायला लागली. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेपुढे चपलांचा ढीग दिसायला लागला. त्यात एक जोड आकांक्षाची असायची, निळ्या पट्ट्याची. सरांनीच परतूरच्या बाजारात घेऊन दिलेली. जाता-येता त्यांची नजर आधी त्या जोडावर जायची.

ठिणगी पडली ती नववीच्या वर्गात. सरांचाच तास होता. आकांक्षानं हात वर केला आणि विचारलं, "सर, प्रतिद्रव्य म्हणजे काय असतं?" मोबाईलवर कुठंतरी वाचलेलं. सरांना त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. पण अडतील ते सर कसले? म्हणाले, "सोपं आहे. प्रति म्हणजे उलटं. आपलं द्रव्य खाली पडतं, ते वर पडतं. वरच्या दिशेला." आणि हातातला खडू वर फेकून झेलून दाखवला. वर्ग खूश झाला.

दोन दिवसांनी जेवताना आकांक्षा म्हणाली, "पप्पा, ते वर न्हाई पडत. मी मॅडमला विचारलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं, त्यांनी बघून सांगितलं. शास्त्रज्ञांनी चुंबकाच्या पिंजऱ्यात धरून ठेवलं, मंग सोडून बघितलं. खालीच पडतं, आपल्यासारखं." पोरीच्या मनात काही नव्हतं. नवी गोष्ट कळली, ती बापाला सांगितली, एवढंच. पण सरांचा घास तोंडातच राहिला.

"चुंबकाचा पिंजरा कशाला? डबा न्हाई का त्यांच्यापाशी?" सर म्हणाले.

"डबा द्रव्याचाच ना, पप्पा. त्याला टेकलं की संपलं." आणि मग पोरगी सुटली. इलेक्ट्रॉन असतो ना, तसाच अगदी एक कण असतो, पॉझिट्रॉन. वजन तेवढंच, सगळं तेवढंच, फक्त विद्युतभार उलटा. उलटा म्हणून एकमेकांकडे ओढले जातात, आणि भेटले की दोघंही जातात. राख न्हाई, धूर न्हाई. त्यांच्या जागी दोन किरणं निघतात, एक या दिशेला, एक बरोब्बर त्याच्या विरुद्ध. तिनं ताटातलं केळं उचललं. "यातनं पण पॉझिट्रॉन निघतात, दिवसातून थोडेसेच. निघतो, शेजारच्या इलेक्ट्रॉनला भेटतो आणि जातो. आपल्याला कळतबी न्हाई."

ज्योत्स्नानं केळ्याकडे बघितलं आणि ते जरा बाजूला सरकवलं.

"आणि पप्पा, सगुणा आत्याला त्या मोठ्या मशिनीत घातलं होतं बघा, संभाजीनगरला. तिथं हेच करतात. सुईतनं औषध देतात, त्यातनं पॉझिट्रॉन निघतात, गाठ असेल तिथं जास्त. ती दोन किरणं बाहेर येतात, मशीन त्यांना पकडतं आणि गाठीची जागा सांगतं. मी तेव्हा तुम्हाला विचारलं होतं की आत काय करून राह्यले."

विचारलं होतं, बराबर. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून विचारलं होतं, आणि सर म्हणाले होते, "मोठा एक्स-रे असतो, बाळा." चार वर्षं ते उत्तर पोरीला पुरलं होतं. आता त्या काल आलेल्या बाईनं ते खोडून टाकलं. सरांच्या अंगाची लाहीलाही झाली. त्यांनी ताटात हात धुतले आणि म्हणाले, "चांगलं आहे. अभ्यास कर."

नोव्हेंबरात मुख्याध्यापकांनी जाहीर केलं की यंदा तालुक्याचं प्रदर्शन आपल्याच शाळेत आहे आणि यजमान म्हणून आपले दोन प्रयोग मांडता येतील. एक धर्मराज सरांचा, एक अंबरीन मॅडमचा. सरांनी विषय आधीच ठरवला होता, कापूस वेचल्यावर उरणाऱ्या पराट्यांपासून कांडीकोळसा. गावच्या कामाचा, धुराचा, आगीचा, म्हणजे थांबून बघण्यासारखा. त्यांनी घरी येऊन पाटी रंगवायला घेतली. ज्योत्स्नानं सवयीनं चादरी माळ्यावर टाकल्या.

आकांक्षा दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "पप्पा, मी यंदा मॅडमच्या टेबलावर उभी राहू का?"

सरांनी ब्रश उचलला नाही. त्याच अक्षरावर फिरवत राहिले. "आणि इथं कोण?"

"आमच्या वर्गातल्या अंगदला सांगा ना. तो चांगलं बोलतो."

"बिलकुल," सर म्हणाले. "अंगदलाच सांगू." आणि 'कांडी'च्या 'डी'ला इतका रंग झाला की तो ओघळून 'कोळशा'पर्यंत गेला.

पोरगी आत गेल्यावर ज्योत्स्ना जवळ आली. बाई स्पष्ट बोलणारी. "तुम्ही त्या मॅडमवर जळून राह्यले का?" सर म्हणाले, "मी कशाला जळू? पोरीनं कुठंबी शिकावं." ज्योत्स्ना म्हणाली, "मंग चेहरा असा का केला?" याचं उत्तर आपणच देऊ. जळत होते. चांगले जळत होते.  मॅडमला ढाल मिळाली असती तर त्यांनी पुढे होऊन टाळ्या वाजवल्या असत्या. त्यांना ढालीचं काही नव्हतं. त्यांना ते घसरणं पाहिजे होतं, आणि आता ते अंगदच्या तोंडून थोडंच येणार होतं?

मॅडमचा प्रयोग पण असा की प्रयोगशाळेत रोज गर्दी. अकिबकडे बीजाच्या नळ्या थंड ठेवायचं द्रवरूप नायट्रोजनचं भांडं होतं, मोटारसायकलला बांधून फिरवायचा ते. त्यातला थोडा नायट्रोजन तो बहिणीसाठी बाजूला काढून आणायचा. वाफाळणारा, इतका थंड की बोट लावायची सोय न्हाई. थर्माकोलच्या पेटीत तो ओतायचा, त्याच्यावर जरा उंच काळी पत्र्याची थाळी, ॲल्युमिनियमची. थाळीवर पालथी काचेची बरणी, बरणीच्या वर आलेल्या बुडाला आतून स्पिरिटमध्ये भिजवलेली वाकळेची पट्टी. जरा वेळानं बॅटरीचा उजेड आडवा मारला की बरणीत तळाशी धुकं दिसायचं, आणि त्या धुक्यात अचानक पांढरी रेघ उमटायची. कुणी न काढता. आली, पसरली, गेली. आकाशातनं येणारा कण धुक्यातनं गेला की त्याच्या वाटेवर थेंब जमतात, तीच ती रेघ.

खरी गंमत चुंबकाची. डीजेच्या फुटक्या स्पीकरातलं, साबणाच्या वडीएवढं, पण ताकद अशी की पाण्याच्या नळाला चिकटलं तर दोघांनी ओढावं लागायचं. ते थाळीखालच्या खाचेत सरकवलं की रेघा वळायला लागायच्या. इलेक्ट्रॉन एकीकडे, पॉझिट्रॉन उलटीकडे. थाळीवर मधोमध शिशाची पट्टी होती. कधी कधी, फार क्वचित, त्या पट्टीतल्या एकाच जागेतून एका वेळी दोन रेघा निघायच्या, एक डावीकडे वळायची, एक उजवीकडे. ती जोडी दिसली की समजायचं, यातली एक प्रतिद्रव्याची. आकांक्षानं ती एकदाच बघितली होती. त्या दिवशी सर व्हरांड्यातून जात होते. खिडकीतून त्यांना दिसलं, दोघींची डोकी बरणीवर टेकलेली आणि आकांक्षा बोट दाखवून म्हणाली, "मॅडम, बघा." तो सूर सरांच्या ओळखीचा होता. आजपर्यंत तो त्यांचा होता.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मंडपात दीपप्रज्वलन चाललेलं. सगळी शाळा तिकडे. सर फेव्हिकॉल आणायचं निमित्त करून हॉलमध्ये आले. मॅडमचं टेबल त्यांच्या टेबलाच्या शेजारीच. चुंबक लोखंडापासून लांब ठेवावं लागतं म्हणून त्याची लाकडी पेटी केलेली, आत रुमालात गुंडाळलेलं. आधी चुंबकाशिवाय सरळ रेघा दाखवायच्या आणि मग ते सरकवायचं, असा दोघींचा बेत सरांना पाठ होता. रोज खिडकीतून ऐकलेला ना.

त्यांनी चुंबक काढलं, रुमाल परत पेटीत ठेवला आणि चुंबक पँटच्या खिशात टाकलं. खिशात घराच्या किल्ल्या होत्या. त्या खळ्ळकन येऊन त्याला चिकटल्या आणि मांडीला गार लागलं. सर घाबरले नाहीत. फेकायचं नव्हतंच त्यांना. त्यांच्या मनात असं होतं की पोरगी ऐन वेळी अडेल, भांबावेल आणि शेजारच्या टेबलाकडे बघेल. बापाकडे. मग ते पुढे होतील आणि सांभाळून घेतील, दरवर्षीसारखं. कसं सांभाळून घेणार, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. हेवा माणसाला तेवढा पुढचा विचार करू देत नाही.

परीक्षक आले. आधी सरांचं टेबल झालं. अंगद पाठ केलेलं बोलला, कांडीकोळसा पेटला, परीक्षकांनी मान हलवली आणि ते पुढे सरकले. आकांक्षा तयारच होती. बरणीवर बॅटरी धरून ती बोलायला लागली, आणि तिन्ही परीक्षक वाकले ते वाकलेच राहिले. रेघा उमटत होत्या. एक वयस्कर परीक्षक लहान पोरासारखा नुसता "अरे, अरे" करत होता. मग त्यांनी विचारलं, "यातली प्रतिद्रव्याची कोणती?"

"दाखवते सर," म्हणत आकांक्षानं पेटी उघडली. रुमाल उचलला, झटकला. टेबलाखाली बघितलं. मॅडमनी पर्स पालथी केली. परीक्षक थांबले. 

आकांक्षा सरळ उभी राहिली. चेहरा लाल, पण आवाज हलला नाही. "सर, चुंबक सापडत न्हाई. आणि त्याच्याशिवाय सांगता येणार न्हाई. दोघांच्या रेघा दिसायला अगदी सारख्याच असतात. वळल्या की मगच कळतं कोण कुठला." तिनं शेजारच्या टेबलाकडे बघितलं नाही. एकदाही नाही. तिनं मॅडमकडे बघितलं, आणि मॅडम हलकेच म्हणाल्या, "बराबर सांगितलंस."

सरांना राहवलं नाही. ते दोन पावलं पुढे आले, टेबलाला लागून उभे राहिले आणि वाकून म्हणाले, "काय झालं, बाळा?"

टेबल लोखंडी अँगलचं होतं, वर नुसती चादर. खाडकन आवाज झाला. सरांची मांडी टेबलाला चिकटली. त्यांनी पाय मागे घेतला तर टेबलच त्यांच्याबरोबर आलं आणि बरणी थरथरली. मॅडमनी पटकन ती धरली. लोकांना वाटलं, सरांचा पाय अडखळला. पण तो आवाज आकांक्षानं महिनाभर ऐकला होता. नळाला, कात्रीला, कपाटाच्या दाराला. तिनं सरांच्या खिशाकडे बघितलं. मग त्यांच्या चेहऱ्याकडे.

"पप्पा," ती म्हणाली.

परीक्षक हसले. तो वयस्कर तर मोठ्यानं हसला. "अरे, सर तुझे वडील का?"

सरांनी वर्षभर वाट बघितलेलं ते हेच. ते उभे राहिले, टेबलाला चिकटलेले, आणि त्यांच्याच्यानं डोळेसुद्धा वटारवले नाहीत.

आकांक्षानं हात पुढे केला. सरांनी दोन्ही हातांनी जोर लावून चुंबक सोडवलं आणि खिशातून काढून तिच्या हातावर ठेवलं. किल्ल्या त्याला चिकटूनच बाहेर आल्या. तिनं त्या एकेक करून ओढून काढल्या, बापाला परत दिल्या आणि परीक्षकांना म्हणाली, "मीच सांभाळायला दिलं होतं. मीच विसरून गेले, माफ करा." मग चुंबक खाचेत सरकवलं. रेघा वळायला लागल्या.

"बरं झालं सर, तुमच्यापाशी होतं," अंबरीन मॅडम म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या, आणि त्याचाच सरांना जास्त त्रास झाला. या बाईवर नीट रागावण्याची सोयसुद्धा राहिली नव्हती.

जोडी काही परीक्षकांना दिसली नाही. तरी पहिला नंबर मॅडमच्या प्रयोगालाच मिळाला. दुपारी मंडपात नावं पुकारायला लागले तेव्हा सगळे तिकडे पळाले. सर हॉलमध्येच राहिले, आपल्या पाट्या उतरवत. मग कशाला कोण जाणे, ते त्या बरणीपाशी गेले आणि वाकले. बॅटरी चालूच होती. धुकं विरत आलं होतं. एक रेघ आली, गेली. आणि मग शिशाच्या पट्टीतून, एकाच जागेतून, दोन रेघा निघाल्या. एक डावीकडे वळली, एक उजवीकडे. इतक्या वर्षांत थर्माकोलात त्यांनी किती काय काय पेटवलं होतं, पण असं कधी काही बघितलं नव्हतं. "आकांक्षा, बघ," ते म्हणाले आणि मान वळवली. बाहेर मंडपात ती मॅडमच्या शेजारी रांगेत उभी होती. परत बघितलं तोवर दोन्ही रेघा नाहीशा झाल्या होत्या.

संध्याकाळी ढाल यंदा आधी घरी आली नाही, सरळ शाळेच्या कपाटात गेली. ज्योत्स्नानं चादरी खाली काढल्या. सर बाहेरच्या ओट्यावर बसले होते, हातात किल्ल्यांचा जुडगा. चुंबकाची थोडी ताकद त्यांच्यात अजून उरली होती, एक दुसरीला धरून राहत होती. ते त्या सोडवत होते आणि मनात शब्द जुळवत होते. प्रतिद्रव्य बघितलं म्हणून सांगावं आधी, आणि मग बाकीचं.

आकांक्षा दारात आली.

"सर, ताट वाढलंय," ती म्हणाली.

आतून ज्योत्स्ना हसली. "अगं, घरात कसले सर?"

आकांक्षा हसली नाही. ती आत गेली आणि तिनं बापासाठी पाट मांडला.